जासई : धुळीच्या वाटेवरील रंगीत पाने

मुंबईच्या शिवडीहून निघालेला अटल सेतू २१.८ किलोमीटरांचे अंतर कापून उरण तालुक्यात जमिनीवर उतरतो, तेव्हा प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतात खाडीकाठची तिवरे, मग भरावाच्या उघड्या जमिनी आणि मग एकावर एक रचलेल्या कंटेनरच्या रांगा. त्यांच्या शेजारी जासई आहे. जानेवारी २०२४ मध्ये हा सेतू खुला झाल्यापासून दक्षिण मुंबईचा माणूस जेवणाच्या सुट्टीत येथे येऊन परत जाऊ शकतो. मात्र बहुतेक वाहने येथे थांबत नाहीत. ती बंदराकडे, पनवेलकडे किंवा पुण्याकडे निघून जातात आणि मागे ठेवतात ती धूळ.

जासईचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते शेतकऱ्यांच्या लढ्यामुळे. लोकनेते दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निश्चित झाल्या. मोबदल्याच्या प्रश्नावरून उभ्या राहिलेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेचे मूळ या लढ्यात आहे. दरवर्षी जानेवारीत या हुतात्म्यांचे स्मरण येथे होते.

त्या जमिनी कशा होत्या, हे आता सांगावे लागते. खाडीचे पाणी अडविण्यासाठी मातीचे बांध घालायचे, पावसाने जमिनीतील खार धुऊन जाऊ द्यायचा आणि मग भात लावायचे, अशी ही खारजमिनीची शेती होती. जोडीला मिठागरे. आगरी समाजाचे नावच आगराशी, म्हणजे मिठागराशी जोडले जाते. अशा मुलखात फुलझाडांना मोठा वाव नव्हता. पण घराच्या ओटीसमोर, तुळशीवृंदावनाच्या कडेने, क्रोटनची दोन-चार झुडपे हमखास असत. पिवळ्या शिरांची, तांबड्या डागांची, लांबट किंवा पिळदार पानांची. त्यांना फुलांची गरज नव्हती आणि फारशा निगेचीही नव्हती. लग्नाच्या मांडवाला, गणपतीच्या मखराला ही पाने उपयोगी पडत.

अंगण गेले आणि क्रोटन घरात आले. येथूनच अडचण सुरू झाली. उलवे, द्रोणागिरी आणि जासईच्या आसपास उभ्या राहिलेल्या इमारतींत जागा आहे ती खिडकीच्या कट्ट्यावर, टीव्हीच्या बाजूला किंवा प्रवेशदाराजवळच्या कोपऱ्यात. अंगणातील तेच क्रोटन कुंडीत लावून कोपऱ्यात ठेवले की पंधरा दिवसांत खालची पाने गळू लागतात. पुढे येणारे नवे पान हिरवेच येते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, माती बदलली. तरुण म्हणतात, खत कमी पडले. दोन्ही निदाने बहुधा चुकीची असतात. कमी पडलेला असतो तो प्रकाश.

माणसाच्या डोळ्याला प्रकाशाचा हिशेब नीट करता येत नाही. डोळ्याची बाहुली मोठी होते, दृष्टी सरावते आणि खोली उजळ वाटू लागते. मोजमाप मात्र निराळेच सांगते. प्रकाश मोजण्याचे एकक लक्स. भर दुपारच्या उघड्या उन्हात तो सुमारे एक लाख लक्स असतो. त्याच वेळी घरातील खिडकीच्या कट्ट्यावर, थेट ऊन येत नसेल तर, एक ते दोन हजार भरतो आणि तेथून दहा फूट आत, सोफ्याच्या मागे, शंभर-दोनशेही कठीणच. अंगणातून सोफ्यामागे आलेल्या झाडाचे उत्पन्न एका दिवसात हजारातून एक-दोनवर येते. एवढ्या घसरणीवर कोणती पेढी टिकेल? अलीकडे मोबाइलवर प्रकाश मोजण्याची सोय असते. ती तंतोतंत नसली तरी खिडकी आणि कोपरा यांतील फरक दाखविण्यापुरती पुरेशी असते. कुंडी विकत घेण्यापूर्वी हे मोजून पाहिले, तर कितीतरी झाडे वाचतील.

रंगीत पानाच्या बाबतीत हा हिशेब अधिकच कडक असतो, कारण रंग झाडाला फुकट पडत नाही. पानाचे अन्न तयार करणारा पदार्थ हिरवा, म्हणजे हरितद्रव्य. पिवळा व नारिंगी रंग कॅरोटिनॉइड गटातील द्रव्यांचा. गाजराचा रंगही त्यांचाच. लाल, जांभळा, किरमिजी हे बहुधा अँथोसायनिनचे काम. जांभळाच्या फळाला गडद रंग देणारे द्रव्य तेच. लाल पानात हरितद्रव्य नसते असे नाही. ते लाल रंगाखाली झाकलेले असते. पण पानाचा जो भाग खरोखर पांढरा असतो, त्यात हरितद्रव्य नसते, आणि तो भाग अन्न तयार करत नाही. तो हिरव्या भागाच्या कमाईवर जगतो. अर्धे पांढरे पान म्हणजे घरातील निम्मी माणसे कमावती आणि सगळी खाती, असा प्रकार. म्हणून पांढऱ्या-हिरव्या पानांची झाडे सावकाश वाढतात आणि पूर्ण पांढरी झालेली फांदी फार काळ तग धरत नाही.

अंधाऱ्या कोपऱ्यातील मनी प्लँटची पाने हळूहळू हिरवी होतात, त्याचे कारणही यातच आहे. पांढरे-पिवळे पट्टे ही चैन आहे. उत्पन्न घटले की झाड ती कमी करते. काही झाडांत हा बदल कायमचा असतो. अनेक जातींत पानाचे पट्टे हे दोन प्रकारच्या पेशींच्या थरांमुळे उमटलेले असतात, आणि एखादी फांदी केवळ हिरव्या पेशींची निघते. ती अधिक कमावते, म्हणून अधिक वेगाने वाढते आणि काही महिन्यांत सगळे झाड व्यापते. अशी फांदी दिसताच मुळापासून काढावी लागते. चंदेरी ठिपक्यांची गोष्ट पुन्हा वेगळी. रेक्स बेगोनियाच्या किंवा काही वेलींच्या पानांवरील चंदेरी चकाकी हा बहुतेक वेळा रंग नसतोच. पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्यांवरून प्रकाश परततो. त्या पोकळ्यांखाली हरितद्रव्य शाबूत असते. म्हणूनच चंदेरी पानांची पुष्कळ झाडे पांढऱ्या पट्ट्यांच्या झाडांपेक्षा कमी उजेडात निभावतात.

आज कोकणातील घराघरांत दिसणारी ही रंगीत पाने मूळची येथली नाहीत, ही गोष्ट बंदराशेजारच्या गावात बसून विचारात घेण्यासारखी आहे. क्रोटन हे इंडोनेशिया-मलेशियापासून ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक बेटांपर्यंतच्या पट्ट्यातील झुडूप. कॅलॅडियम दक्षिण अमेरिकेचे. मनी प्लँट पॅसिफिक महासागरातील मोरेआ या लहानशा बेटाचा. त्याला फूल जवळजवळ कधीच येत नाही, त्यामुळे एका वेलीच्या कांड्यांपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी, असा तो जगभर पोहोचला. 'साँग ऑफ इंडिया' असे नाव मिरविणारी पिवळ्या काठाची ड्रॅसिना भारताची मुळीच नाही. ती मादागास्कर, मॉरिशस यांच्या बाजूची. भारताचे खरे देणे आहे ते रेक्स बेगोनिया. आसामच्या डोंगरांतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात गेली आणि तेथील काचघरांत तिच्या शेकडो संकरित जाती झाल्या. त्यांतील कित्येक आता परदेशी नावे लावून आपल्याच रोपवाटिकांत परत आल्या आहेत. कच्चा माल पाठवायचा आणि तयार माल आणायचा, ही रीत वनस्पतींनाही चुकली नाही.

हा सगळा व्यवहार जहाजांनी झाला. सुरुवातीस महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात खारे वारे आणि गोड्या पाण्याचा तुटवडा यांमुळे बहुतेक रोपे मरत. लंडनचे एक डॉक्टर, नॅथनिएल वॉर्ड, यांना १८२९ च्या सुमारास असे आढळले की बंद काचेच्या बरणीत ठेवलेल्या ओल्या मातीतून आपोआप नेचा उगवतो आणि पाणी न घालता जगतो. आतील ओल बाष्परूपाने वर जाते आणि काचेवरून खाली उतरते. या तत्त्वावर बनविलेल्या काचेच्या पेट्या १८३३ मध्ये ऑस्ट्रेलियाला रवाना झाल्या आणि पुढे जगभर वनस्पतींची ने-आण सुकर झाली. आज दिवाणखान्यात ठेवतात त्या काचेच्या बरणीतील बागा म्हणजे त्या पेटीचीच लहान आवृत्ती. मुंबईतही अशा झाडांना हक्काची जागा मिळाली. पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची बाग आधी शिवडीस होती. ती जागा १८६० च्या दशकात दफनभूमीसाठी गेली, आणि संस्थेने भायखळ्यास उभारलेले व्हिक्टोरिया उद्यान १८६२ मध्ये खुले झाले. तीच आजची राणीची बाग, वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. अटल सेतूचे मुंबईकडील टोक शिवडीस आहे, हा योगायोग जासईच्या प्रवाशाने ध्यानात ठेवावा.

आता परदेशातून रोप आणणे पूर्वीसारखे सोपे नाही, आणि नसावेच. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना, निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि बंदरावरील तपासणी आवश्यक असते. न्हावा शेवा हे अशा तपासणीचे एक ठिकाण आहे. मातीसोबत किंवा पानाखाली दडून येणारी कीड एकदा देशात शिरली की भात, आंबा, नारळ कशालाही भोवू शकते. परदेशप्रवासातून परतताना बॅगेत रोप दडवून आणणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. कौतुकाने आणलेली एक फांदी शेजारच्या बागायतदाराला महाग पडू शकते.

या झाडांपैकी जासईत काय चालते, हे खिडकीच्या दिशेवर ठरते. मुंबई-उरणच्या अक्षांशावर सूर्य मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस बरोबर माथ्यावर येतो. त्या दरम्यान तो दुपारीही किंचित उत्तरेकडे असतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येते. त्यामुळे एकच कट्टा डिसेंबरात उन्हाचा आणि जूनमध्ये सावलीचा असू शकतो. झाड वर्षभर एकाच जागी ठेवण्याचा हट्ट येथे उपयोगाचा नाही.

पूर्वेची खिडकी सर्वांत भाग्यवान. सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन कोवळे असते आणि कोलियस, क्रोटन, कॉर्डिलिन यांचे रंग त्यात खुलतात. कोलियस हे तुळशीच्याच कुळातले. त्याचे चौकोनी देठ पाहिले की नाते पटते, आणि तुळशीसारख्याच त्याला मंजिऱ्याही येतात. तुळशीची मंजिरी खुडली की झाड भरगच्च होते, हे ज्या घरात ठाऊक आहे त्या घराला कोलियस कसे सांभाळावे हे वेगळे शिकवावे लागत नाही. मंजिरी राहू दिली की पाने लहान व फिकी होत जातात. त्याची चार बोटांची कांडी पाण्याच्या ग्लासात ठेवली तर आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. शेजारणीला द्यायला याहून सोपी भेट नाही.

पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतरचे ऊन पाने भाजून काढते. येथे पातळ पांढरा पडदा लावून क्रोटन व स्नेक प्लँट ठेवावेत. कॅलॅडियम किंवा बेगोनिया ठेवू नयेत. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन फार थोडे, पण प्रकाश सौम्य व दिवसभर सारखा. ॲग्लोनिमा, कॅलेथिया, रेक्स बेगोनिया, फिटोनिया यांना हे मानवते. ॲग्लोनिमाची जुनी हिरवी-राखाडी जात बरीच सोशिक. लाल-गुलाबी जाती मात्र अलीकडच्या. १९८० च्या दशकात इंडोनेशियातील ग्रेगोरी हम्बाली यांनी 'प्राइड ऑफ सुमात्रा' ही लाल छटेची संकरित जात घडविली आणि त्यानंतर थायलंडच्या बागायतदारांनी तिच्या पाठोपाठ कितीतरी रंग आणले. लाल ॲग्लोनिमाला हिरव्यापेक्षा अधिक उजेड लागतो, हे रोपवाटिकेत क्वचितच सांगितले जाते. खिडकी नसलेल्या जागेत, जिन्याखाली किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत रंगीत पानाचे कोणतेही झाड कायमचे राहणार नाही. तेथे दोन कुंड्या ठेवून आठवड्याआड पाळीपाळीने खिडकीशी हलवाव्यात, किंवा भिंत रंगवून समाधान मानावे.

आता धुळीविषयी. जासई-दास्तान फाट्याच्या रस्त्याने जवाहरलाल नेहरू बंदराचे ट्रेलर रात्रंदिवस जातात. हे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि त्याच्याभोवती गोदामे व कंटेनर यार्ड वाढत गेले. जवळच विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला गेला, भराव पडले, इमारती उभ्या राहिल्या. पाऊस थांबला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत खिडकीच्या जाळीवर, पडद्यांवर, देवघरातील फोटोच्या काचेवर बारीक करडा थर साचत राहतो. लहान मुलांच्या व वृद्धांच्या खोकल्याची काळजी या पट्ट्यातील प्रत्येक घराला आहे. अशा वेळी 'हवा शुद्ध करणारी झाडे' अशी पाटी लावलेली कुंडी घेऊन येण्याचा मोह स्वाभाविक म्हणावा लागेल.

ही पाटी मात्र फसवी आहे. तिचा उगम १९८९ च्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. नासा या संस्थेसाठी बिल वुल्व्हर्टन यांनी लहान बंद पेट्यांत झाडे ठेवली, आत काही वायू सोडले आणि त्यांचे प्रमाण घटते असे दाखविले. प्रयोग खरा होता. पण तो हवाबंद पेटीतला होता. घर हवाबंद नसते. दाराखिडक्यांतून सतत हवा ये-जा करते आणि तिच्या तुलनेत कुंडीतील झाडाचे काम नगण्य ठरते. २०१९ मध्ये कमिंग्ज व वॉरिंग या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. साध्या वायुवीजनाइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटर जागेत दहापासून हजारपर्यंत झाडे लागतील, असे त्यांना आढळले. दहा बाय दहाच्या खोलीत नऊ-साडेनऊ चौरस मीटर जागा असते. कमीत कमी हिशेबानेही नव्वदहून अधिक कुंड्या ठेवाव्या लागतील. मग माणसांनी बसायचे कोठे? शिवाय त्या प्रयोगांचा विषय रंग, गोंद यांतून निघणारे वायू हा होता. ट्रेलरने उडविलेली धूळ नव्हे. ज्या घरात दमेकरी आहे त्या घराने कुंडीवर विसंबून डॉक्टरांचा सल्ला, ओल्या फडक्याने फरशी पुसणे किंवा रस्त्याकडील खिडकी गर्दीच्या वेळी बंद ठेवणे टाळू नये. चार कुंड्यांमुळे आलेल्या खोट्या निश्चिंतीची किंमत त्या घरातील लहान मूल मोजते.

प्रत्यक्षात येथे उलटा व्यवहार आहे. जासईच्या घरात झाड हवा स्वच्छ करत नाही. झाडालाच स्वच्छ ठेवावे लागते. पानावर धुळीचा थर साचला की आधीच तुटपुंजा असलेला प्रकाश आणखी घटतो. गुळगुळीत पानांची झाडे, म्हणजे क्रोटन, ॲग्लोनिमा, ड्रॅसिना, मनी प्लँट, आठवड्यातून एकदा ओल्या मलमलीने पुसावीत; एक हात पानाखाली आधाराला द्यावा. बेगोनियाच्या लवदार पानांना ओले फडके सोसत नाही, डाग पडतात. त्यांच्यासाठी मऊ कोरडा कुंचला. कोलियस न्हाणीघरात नेऊन हलक्या धारेखाली धुतलेला बरा. पाने चकचकीत दिसावीत म्हणून खोबरेल तेल किंवा दूध लावण्याची पद्धत काही घरांत आहे. तिच्यामुळे चकाकी दोन दिवस टिकते आणि धूळ मात्र दुप्पट चिकटते.

आठवड्याच्या या पुसण्याचा दुसरा लाभ जैन घरांना विशेष वाटेल. पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि लाल कोळी हे घरातील झाडांचे नेहमीचे पाहुणे. ते कोंदट, धुळकट व दुर्लक्षित पानांवर वाढतात. एकदा वाढले की फवारणीचा प्रश्न येतो, आणि ज्या घरात मुंगीलाही वाट दिली जाते तेथे हा प्रश्न केवळ विषाच्या वासाचा नसतो. म्हणून कीड येऊच न देणे हाच या घरांचा मार्ग. पान पुसताना त्याची खालची बाजू पाहावी, कुंड्यांत अंतर ठेवावे, पंख्याचा हलका वारा मिळू द्यावा, आणि नवे रोप आणल्यावर पंधरा दिवस इतरांपासून दूर ठेवावे. बंदरावर परदेशी मालाला लागू असलेला संगरोधाचा नियम घरालाही उपयोगी आहे. आणखी एक गोष्ट येथेच नमूद करणे योग्य. वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानणाऱ्या घरात सणासमारंभाच्या सजावटीसाठी डझनभर कुंड्या आणायच्या आणि तीन महिन्यांत वाळलेल्या टाकून द्यायच्या, ही नवी चाल शोभत नाही. खिडकी एक असेल तर झाडे दोनच असावीत.

पाण्याच्या बाबतीत सर्वाधिक हानी पावसाळ्यात होते. जून ते सप्टेंबर आकाश झाकोळलेले, हवा दमट, पानांतून पाणी उडणे मंदावलेले; तरीही सवयीने रोज तांब्याभर पाणी घातले जाते. मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात, आणि पाने पिवळी दिसली म्हणून आणखी पाणी घातले जाते. बोटाचे दुसरे पेर मातीत जाईपर्यंत ओल लागली तर पाणी नको, एवढा साधा नियम पुरतो. रोपवाटिकेतून येणारी लाल चिकणमाती कुंडीत विटेसारखी घट्ट होते. तिच्यात निम्म्याहून अधिक कोकोपीट, वाळू व जुने शेणखत मिसळले तर पाणी निचरते. उन्हाळ्यात कुंडीच्या काठावर पांढरे खार दिसू लागले की समजावे, पाण्यातील क्षार मातीत साचत आहेत. ड्रॅसिना, कॉर्डिलिन व कॅलेथिया यांच्या पानांची टोके त्यामुळे करपतात. खारजमिनीचे जुने शेतकरी पावसाने खार धुऊन काढत. कुंडीचाही उपाय तोच. पहिले चार-दोन पाऊस छत धुऊन गेल्यावरचे पाणी झाकणाच्या पिंपात धरावे आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतके घालावे. पिंपाला झाकण हवेच, आणि कुंडीखालची थाळी दर आठवड्याला ओतून घासून कोरडी करायला हवी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो.

रांगते मूल असलेल्या घरात डिफेनबेकिया, कॅलॅडियम, ॲग्लोनिमा व मनी प्लँट उंचावर असावेत. ही सर्व अळूच्या कुळातील. अळू कच्चे खाल्ले तर घसा खाजतो, ते त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. या झाडांतही तेच स्फटिक असतात. पान चावलेल्या मुलाचे ओठ व जीभ सुजू शकतात. क्रोटनचा चीकही काहींच्या त्वचेला बाधतो. छाटणीनंतर हात धुवावेत.

या सर्व झाडांत कॅलॅडियमवर अन्याय फार होतो. गुलाबी शिरांची, कागदासारखी पातळ पांढरी पाने पाहून ते पावसाळ्यात हौसेने आणले जाते. दिवाळीनंतर एकेक पान लोंबू लागते आणि डिसेंबरात कुंडी रिकामी होते. झाड मेले असे समजून ती गच्चीवर उपडी केली जाते. मातीत कंद मात्र जिवंत असतो, झोपलेला. त्या काळात पाणी पूर्ण थांबवावे. कुंडी तशीच कोरड्या, उबदार जागी, माळ्यावर किंवा कपाटाच्या खाली सरकवून द्यावी आणि वर आणल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी, म्हणजे घरातील दुसरे कोणी ती फेकणार नाही. एप्रिलच्या अखेरीस उकाडा वाढला की कुंडी खिडकीशी आणून थोडे पाणी द्यायचे. दोन-तीन आठवड्यांत मातीतून गुंडाळी केलेले पहिले पान वर येते.

अंगणातील जुने क्रोटन अजून ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते उपटून कुंडीत कोंबू नये. पावसाळ्याच्या आरंभी त्याच्या पेन्सिलएवढ्या जाड फांदीवर गुटी बांधावी : दोन-अडीच सेंटिमीटर साल गोल काढून त्यावर ओले शेवाळ व प्लास्टिक घट्ट गुंडाळायचे. पाच-सहा आठवड्यांत पारदर्शक प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसली की फांदी खालून कापून कुंडीत लावायची. असे रोप सुरुवातीपासूनच खिडकीच्या उजेडाला सरावते. ते पंधरा दिवस सावलीत, मग पूर्वेच्या कट्ट्यावर ठेवावे. नव्या घरात राहायला गेलेल्या मुलाकडे गावच्या ओटीसमोरचे झाड अशा रीतीने पोहोचते आणि मूळ झुडूपही जागेवर राहते.

जाती पाहून मग निवडायची असेल, तर राणीच्या बागेत मुंबई महापालिकेच्या उद्यान विभागाचे वार्षिक प्रदर्शन हिवाळ्यात भरते, आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन असते. तेथे कुंड्यांवर नावे लिहिलेली असतात, हा मोठा फायदा. जासईहून सेतूमार्गे शिवडी आणि तेथून भायखळा हा आता तासाभराच्या आतबाहेरचा रस्ता आहे. जाताना घरातील खिडकीची दिशा आणि दुपारी बाराला मोबाइलने दाखविलेला लक्सचा आकडा एका कागदावर लिहून न्यावा.